ऑनलाइन समुदायांच्या तंत्रज्ञानावर संशोधन करायचंय? नवख्याच्या पहिल्या संदेशापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचं संगणकशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण चालू आहे, ऑनलाइन समुदायांना आधार देणाऱ्या इंटरनेट तंत्रज्ञानावर प्रबंध लिहायचा आहे, आणि मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “हे तर समाजशास्त्र झालं, यात तंत्रज्ञान कुठे आहे?” विषय कसा आखावा, आधीचं कोणतं काम वाचावं आणि डेटा कुठून आणावा, हे तुम्हाला हवं आहे. मी गेली वीसेक वर्षं अशा समुदायांसाठी सॉफ्टवेअर लिहितो आहे. त्यातली निम्मी वर्षं संशोधकांबरोबर बसून त्याच सॉफ्टवेअरचे परिणाम मोजण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो.

मार्गदर्शकांचा प्रश्न टाळू नका, तो रास्त आहे. एका यंत्रावर लिहिलेला संदेश दुसऱ्या यंत्रावर पोचवणं आणि तिथे नीट रचून दाखवणं हे काम फार पूर्वी होऊन गेलं. १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड वूली या विद्यार्थ्याने प्लेटो या संगणकप्रणालीसाठी ‘नोट्स’ लिहिलं. त्यात एका टिपणाखाली ओळीने प्रतिसाद येत. १९७८ मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी टेलिफोनच्या तारेवरून चालणारा सूचनाफलक उभा केला. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची, म्हणजे अनेक संगणकांनी एकमेकांना चर्चेचे संदेश पुरवत राहण्याच्या जाळ्याची, कल्पना मांडली. यूजनेटच्या संदेशाला जगात दुसऱ्या कुणाचा नसेल असा ओळखक्रमांक असे, आणि प्रतिसादाच्या शीर्षभागात तो ज्या संदेशांना उद्देशून आहे त्यांचे क्रमांक. आज आपण ज्याला ‘धागा’ म्हणतो तो एवढ्यातूनच विणला जातो. आजच्या कुठल्याही समुदायाचा डेटाबेस उघडा. रकान्यांची नावं बदललेली असतील, पण आतलं काम तेच असतं.

मग उरलं काय? संदेश पोचल्यानंतरचं सगळं. तो कुणाला दिसणार, कितव्या जागी दिसणार, लिहिणाऱ्याचा आयडी किती जुना आहे हे वाचणाऱ्याला कळणार का, तो उडवायचा हक्क कुणाला, आणि उडवला तर लिहिणाऱ्याला कारण समजणार का. यातली एकेक गोष्ट कुणीतरी कोडमध्ये लिहून ठेवलेली असते, पुष्कळदा घाईत, आणि मग ती वर्षानुवर्षं हजारो माणसांना लागू होत राहते. तुमचं तंत्रज्ञान तिथे आहे.

मार्गदर्शकांना लॅम्डामूची हकीकत सांगा. हे शब्दांतून उभं केलेलं आभासी घर पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधनकेंद्रात सुरू केलं. लोक वाढले तशी भांडणंही वाढली. १९९२ च्या डिसेंबरात कर्टिस यांनी जाहीर केलं की यापुढे व्यवस्थापक फक्त तांत्रिक कामं पाहतील, सामाजिक निर्णय रहिवाशांनी घ्यावेत. त्यासाठी अर्ज, मतदान, लवाद अशी सगळी यंत्रणा कोडमध्ये बांधली गेली. साडेतीन वर्षांनी, १९९६ मध्ये, व्यवस्थापकांनी ती भूमिका मागे घेतली. तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांच्यात रेघ ओढणं आपल्याला जमलं नाही, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं. पूर्ण सत्ता हातात असलेल्या कुशल प्रोग्रामरांनी मनापासून करून पाहिलेला हा प्रयोग आहे. ‘हे समाजशास्त्र की तंत्रज्ञान’ या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता विषयाची आखणी. नियम, मतदान, ओळख, शिफारशी, देखरेख हे सगळं एका प्रबंधात कोंबू नका. एकच घटना धरा: नवख्या सदस्याचा पहिला संदेश. समुदायाच्या सगळ्या यंत्रणा त्या क्षणी एकाच माणसावर काम करतात. फिल्टर तपासतो, क्रम लावणारं सूत्र जागा देतं, मॉडरेटर ठेवतो किंवा उडवतो, जुने सदस्य थांबतात किंवा पुढे सरकतात. आणि निकाल मोजता येतो, कारण माणूस परत येतो किंवा येत नाही.

या घटनेवर वाचायचा पहिला लेख एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्राउट यांचा, २००६ चा. त्यांनी सहा सार्वजनिक न्यूजग्रुपांतल्या (यूजनेटवरच्या विषयवार चर्चागटांतल्या) २,७७७ नवख्यांचे पहिले संदेश तपासले. सुमारे ६१ टक्के लोकांना उत्तर मिळालं होतं. उत्तर मिळालेल्यांच्या बाबतीत पुन्हा लिहिण्याची शक्यता ४४ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर गेलेली दिसली. लेखातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. उत्तराचा सूर गोड होता की तुटक, त्यातून प्रश्न सुटला की नाही, याने परत येण्यात फरक पडलेला दिसला नाही. कुणीतरी बोललं, एवढंच पुरलं. अर्थात हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांना उत्तर मिळालं त्यांचे संदेश मुळातच वेगळे असू शकतात. प्रश्न विचारणाऱ्यांना आणि लांब लिहिणाऱ्यांना उत्तर मिळण्याची शक्यता जास्त होती, हे त्या दोघांनीच नोंदवलं आहे. म्हणजे कार्यकारणाचा प्रश्न पुढच्यांसाठी मोकळा आहे, आणि तुमच्यासारख्याला तिथे जागा आहे.

माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगतो, कारण हा विषय मला तिथेच कळला. हौशी आकाशनिरीक्षकांच्या एका समुदायाचं सॉफ्टवेअर मी सांभाळत होतो. जाहिरातबाजांचा उच्छाद वाढला म्हणून एक फिल्टर लिहिला. खातं आठवड्याच्या आतलं असेल आणि संदेशात दुवा असेल, तर संदेश मॉडरेटरच्या रांगेत जावा. लिहिणाऱ्याला मात्र तो नेहमीसारखा प्रसिद्ध झालेला दिसावा, म्हणजे जाहिरातबाजाला सुगावा लागणार नाही. फिल्टर चोख चालला. जाहिराती थांबल्या, सगळे खूश झाले.

काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी लॉग चाळताना एक खातं नजरेला पडलं. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा शनीचा फोटो काढला होता. धूसर, कडी जेमतेम ओळखू येतील असा. त्याचा दुवा देऊन त्याने विचारलं होतं की फोकस नेमका कुठे चुकतोय. संदेश रांगेत अडकला आणि रांग पाहणारा मॉडरेटर नेमका त्या आठवड्यात रजेवर होता. लॉगमध्ये त्या माणसाच्या फेऱ्या ओळीने दिसत होत्या. रात्री साडेअकराला लिहिलं. पावणेबाराला धागा उघडला. बारा वाजून दहा मिनिटांनी उघडला. पहाटे साडेपाचला उघडला. दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवसानंतर त्या खात्याची एकही ओळ नाही. त्याला स्वतःचा संदेश व्यवस्थित दिसत होता. त्याच्या दृष्टीने सगळ्यांनी तो वाचला होता आणि एकालाही दोन शब्द लिहावेसे वाटले नव्हते. आमच्या मासिक अहवालात तोच संदेश ‘यशस्वीपणे अडवलेला’ म्हणून मोजला गेला होता.

फिल्टर मी बदलला. संदेश थांबला असेल तर लिहिणाऱ्याला तसं स्पष्ट दिसतं, आणि रांगेतला सर्वात जुना संदेश किती तास पडून आहे तो आकडा मॉडरेटरांच्या पानावर सगळ्यात वर असतो. संशोधनाच्या दृष्टीने यातून घ्यायची गोष्ट मात्र वेगळी आहे. समुदायाचा डेटा म्हणून जे हाती येतं ते टिकलेल्यांनी लिहिलेलं असतं. गेलेला माणूस त्यात सापडतो तो रिकाम्या जागेच्या रूपात. ती जागा शोधायची तर संदेशांच्या तक्त्याशी फेऱ्यांचा लॉग आणि रांगेचा इतिहास जोडून पाहावा लागतो, आणि हे जोडकाम करायला फारसं कुणी जात नाही.

हाच प्रकार विकिपीडियावर किती मोठ्या प्रमाणावर घडला ते आरन हाफेकर, स्टुअर्ट गायगर, जोनाथन मॉर्गन आणि जॉन रीडल यांच्या २०१३ च्या लेखात वाचा. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ पर्यंत झपाट्याने वाढली आणि नंतर घटत गेली. नवे येणारे वाईट होते म्हणावं, तर तसं आढळलं नाही. चांगल्या हेतूने आलेल्यांची संपादनं पूर्वीपेक्षा जास्त प्रमाणात उलटवली, म्हणजे रद्द करून जुना मजकूर परत आणला, जाऊ लागली होती, तीही वाढत्या प्रमाणात बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) आणि अर्धस्वयंचलित साधनांकडून. पहिलंच काम पुसलं गेलेला माणूस टिकत नव्हता. हे विकिपीडियापुरतं असेल अशी शंका होती, ती २०१८ मध्ये नेथन टेब्लंटहाउस, आरन शॉ आणि बेंजामिन माको हिल यांनी ७४० इतर विकींवर तपासली. चित्र पुष्कळसं तसंच निघालं.

इथे साधनाच्या पडद्याकडे बारकाईने बघा. विकिपीडियावरचं हगल नावाचं साधन राखणदार संपादकाला एकेक बदल दाखवतं: जुना मजकूर, नवा मजकूर आणि एका कळीवर ‘उलटवा आणि ताकीद द्या’. पडद्यावर ठळकपणे असतो तो बदल, माणूस नसतो. हाफेकर यांनीच पुढे स्नगल नावाचं साधन केलं. त्यात यादी नवख्यांची, आणि एकेकासमोर त्याने आजवर केलेलं काम. डेटा तोच, पण निवाडा कशाचा करायचा हे पडद्याने बदललं. नंतर २०१५ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने संपादनं यंत्राकडून पारखणारी ओआरईएस ही सेवा आणली. तिच्यात एकाच संपादनाचे दोन स्वतंत्र अंदाज मिळत: याने लेखाचं नुकसान होतंय का, आणि हे सद्भावनेने केलंय का. नुकसान झालंय पण हेतू चांगला आहे, असा माणूस पूर्वीच्या साधनांना वेगळा ओळखता येत नव्हता. एका खुणेच्या जागी दोन खुणा ठेवणं ही तांत्रिक बाब आहे, आणि तिच्यावर माणसं राहणं-जाणं अवलंबून आहे. असे पडदे आणि अशा खुणा शोधा. प्रबंधाचं खरं साहित्य तिथे असतं.

क्रम आणि मतं याबद्दल आता. १९९४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या आणि एमआयटीतल्या संशोधकांनी ग्रुपलेन्स मांडलं. यूजनेटवर इतका मजकूर येत होता की वाचायचं काय हाच प्रश्न होता, म्हणून वाचकांनी गुण द्यायचे आणि तुमच्यासारखी आवड असणाऱ्यांच्या गुणांवरून तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधायचा. आजच्या शिफारसयंत्रणांच्या मुळाशी ही कल्पना आहे, आणि ती समुदायाचा प्रश्न सोडवताना पुढे आली हे विसरू नये. पुढे स्लॅशडॉट या तंत्रज्ञानविषयक बातम्या-चर्चांच्या संकेतस्थळाने उणे एक ते पाच अशी गुणांची पट्टी ठेवली, गुण देण्याचा हक्क सदस्यांना आळीपाळीने थोडाथोडा वाटला, आणि दिलेल्या गुणांची तपासणीही सदस्यांकडेच दिली. क्लिफ लँप आणि पॉल रेझनिक यांचा त्यावरचा २००४ चा लेख आवर्जून वाचा. पद्धत एकूण चालते, पण उशिरा आलेल्या आणि खालच्या गुणांवरून सुरुवात करणाऱ्या प्रतिसादांकडे लक्ष कमी जातं असं त्यांना दिसलं. खालून सुरुवात कोण करतं? ज्याच्या गाठीशी अजून काहीच नाही तो.

पहिल्या मताचं वजन किती असतं हे लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये प्रयोगाने दाखवलं. एक लाखाहून जास्त प्रतिसादांपैकी काहींना यदृच्छेने एक खोटं अनुकूल मत दिलं. शेवटी त्यांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. खोट्या प्रतिकूल मताची भरपाई मात्र पुढच्या वाचकांनी करून टाकली. त्यानंतरच्या वर्षी जस्टिन चेंग आणि सहकाऱ्यांनी चार मोठ्या समुदायांत पाहिलं की ज्याला प्रतिकूल मतं मिळतात तो गप्प बसत नाही. तो जास्त लिहितो, आधीपेक्षा खालच्या दर्जाचं लिहितो आणि इतरांनाही प्रतिकूल मतं देऊ लागतो. मग सोडून कोण जातं? त्यांच्या आकडेवारीत ते होते कुठलाच प्रतिसाद न मिळालेले लोक. जॉइस-क्राउट यांच्या निष्कर्षाशी हे दुसऱ्या वाटेने येऊन मिळतं. प्रतिकूल मताच्या बटणाबद्दल समुदायांमध्ये जितका वाद घातला जातो, त्याच्या निम्मा तरी उत्तराविना पडलेल्या धाग्यांबद्दल व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

याच घराण्यातलं एक नवं काम लक्षवेधी आहे. ट्विटरने २०२१ मध्ये बर्डवॉच सुरू केलं, आता त्याला कम्युनिटी नोट्स म्हणतात. त्यात टीप सर्वांना दाखवायची की नाही हे नुसत्या बहुमतावर ठरत नाही. मतांच्या तक्त्याचं अवयवीकरण करून, म्हणजे तो थोड्या मूळ घटकांत फोडून, कोण कुणाशी सहसा सहमत असतं हे आधी काढलं जातं, आणि एरवी ज्यांचं पटत नाही अशा लोकांनीही ती उपयुक्त ठरवली तरच टीप दिसते. गणित शिफारसयंत्रणांचंच आहे, वळवलंय उलट्या दिशेला. तुमचा कल गणिताकडे असेल तर ही वाट धरा.

ओळखीच्या प्रश्नावर एकच लेख पुरे: एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक, २००१, स्वस्त टोपणनावांची सामाजिक किंमत. डुप्लिकेट आयडी काढायला काहीच लागत नसेल तर वाईट वागून नवा आयडी घेता येतो. म्हणून सगळे प्रत्येक नव्या आयडीकडे संशयाने पाहतात, आणि प्रामाणिक नवख्याला दुसऱ्यांच्या लबाडीची किंमत मोजावी लागते. ती किंमत खऱ्या बाजारातही दिसते. रेझनिक आणि सहकाऱ्यांनी ईबेवर एकाच विक्रेत्याची जुनी पोस्टकार्डं त्याच्या नावाजलेल्या आयडीने आणि नवीन आयडींनी विकून पाहिली. नावाजलेल्या आयडीला ग्राहक सरासरी ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. फ्रीडमन-रेझनिक यांनी सुचवलेला उपाय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल असा आहे. माणूस कोण हे गुप्त राहील, पण एका समुदायात त्याला आयुष्यात एकच नाव घेता येईल, अशी कूटलेखनावर आधारलेली व्यवस्था.

विकेंद्रित जाळ्यांमध्ये हाच प्रश्न एक पायरी वर चढतो. अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम २०१६ मध्ये आलं आणि अशा सर्व्हरांना जोडणारा ॲक्टिव्हिटीपब हा संदेशनियमांचा संच २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मानक म्हणून स्वीकारला. इथे संदेशाच्या प्रती अनेक सर्व्हरांवर जातात आणि दर सर्व्हरचा चालक आपापले नियम लावतो. नवख्याने चुकून बदनाम सर्व्हरवर खातं काढलं, तर एक अक्षर लिहिण्याआधीच तो अनेक ठिकाणी अडवलेला असतो, आणि ते त्याला कुणी सांगत नाही. माझ्या आकाशनिरीक्षकासारखीच त्याची गत. यावर मोजमाप करणारं काम अजून कमी आहे.

नियम आणि देखरेख यांबद्दल दोन निष्कर्ष मी रोजच्या कामात वापरतो. नेथन मटायस यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेडिट या चर्चामंचावरच्या विज्ञानाला वाहिलेल्या, तेव्हा १ कोटी ३० लाख सदस्य असलेल्या समुदायात २,१९० चर्चांवर यादृच्छिक प्रयोग केला. काही धाग्यांच्या माथ्यावर नियम चिकटवले, काहींवर नाही. नियम दिसत होते तिथे नवख्यांचं नियमपालन ८ टक्के-बिंदूंहून जास्त वाढलं, आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दाखवले की लोक बिचकतात अशी समजूत मी स्वतः अनेक वर्षं बाळगली होती, या प्रयोगाने ती सोडायला लावली. दुसरा निष्कर्ष शगुन झावर, एमी ब्रकमन आणि एरिक गिल्बर्ट यांचा, त्याच वर्षीचा. उडवलेल्या संदेशाचं कारण सांगितलं तर त्या सदस्याचे पुढचे संदेश उडवण्याची वेळ कमी येते, आणि कारण बॉटने सांगितलं की माणसाने, याने फरक पडल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे कारण सांगायला वेळ नाही ही सबब उरत नाही, तेवढं काम यंत्राकडून करून घेता येतं.

वाचनमात्र सदस्यांना विसरू नका. ब्लेअर नॉनेकी आणि जेनी प्रीस यांनी २००० मध्ये मोजलं तेव्हा आरोग्यविषयक चर्चायाद्यांमध्ये सुमारे ४६ टक्के आणि सॉफ्टवेअर-मदतीच्या याद्यांमध्ये ८२ टक्के सदस्य वाचनमात्र होते. पहिला संदेश लिहिणारा माणूस पुष्कळदा आधी कित्येक महिने वाचत असतो, त्यामुळे ‘नवखा’ म्हणजे नोंदणीपासून नवखा की लिहिण्यापासून, हे व्याख्येतच ठरवून टाका. त्यावरून निकाल बदलतात.

डेटाची परिस्थिती सध्या बिकट आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. २०२३ मध्ये ट्विटरची मोफत एपीआय, म्हणजे प्रोग्रामने डेटा घेण्याची वाट, संशोधकांसाठी बंद झाली, त्याच वर्षी रेडिटने अटी बदलल्या आणि पुशशिफ्ट हा रेडिटच्या संदेशांचा संग्रह, संशोधकांचा मोठा आधार, सर्वांना खुला राहिला नाही. फेसबुकवरच्या सार्वजनिक मजकुराचा मागोवा घेणारं मेटाचं क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झालं. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या कलम ४० मध्ये संशोधकांना डेटा देण्याची तरतूद आहे, पण ती अतिप्रचंड मंचांसाठी आहे आणि अर्जाच्या वाटेने जाते. पदव्युत्तर प्रबंधाच्या वेळापत्रकात ती बसवणं कठीण. विकिमीडियाचे डेटासंच मात्र आजही खुले आहेत, संपूर्ण संपादन-इतिहासासकट. फक्त हटवलेल्या पानांचा मजकूर त्यात नसतो, आणि नवख्यांची कित्येक पहिली पानं तिथेच गेलेली असतात.

म्हणून मी सुचवेन की एखादा लहान समुदाय गाठा आणि तिथल्या मॉडरेटरांशी रीतसर बोलून, लेखी करार करून काम करा. डेटा कमी मिळेल, पण रांगेचा इतिहास आणि उडवलेले संदेश मिळतील, जे बाहेरून कधीच मिळत नाहीत. सदस्यांनाही कळवा. २०१४ मध्ये फेसबुकच्या ६,८९,००३ सदस्यांच्या न्यूजफीडमध्ये भावनांचा फेरफार करणारा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा संमतीवरून मोठं वादळ उठलं, आणि नियतकालिकाला चिंता व्यक्त करणारं संपादकीय निवेदन काढावं लागलं. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे एओआयआरची, नैतिकतेची मार्गदर्शक सूत्रं २०१९ मध्ये अद्ययावत झाली, ती वाचा. आणि संदेश शब्दशः उद्धृत करू नका. एक वाक्य शोधयंत्रात टाकलं की माणूस सापडतो. आशय आपल्या शब्दांत मांडा.

यंत्रांना मजकूर पारखायला लावणार असाल तर मार्टेन साप आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा लेख आधी वाचा. द्वेषपूर्ण भाषा ओळखणाऱ्या प्रारूपांनी आफ्रिकन-अमेरिकन बोलीतल्या साध्या संदेशांनाही आक्षेपार्ह ठरवण्याचं प्रमाण जास्त असल्याचं त्यांनी दाखवलं. समुदायाची भाषा अजून अंगवळणी न पडलेला नवखाही अशा पारखीत अडकू शकतो, आणि हे तपासण्यासारखं आहे.

आता प्रबंधाचा प्रश्न, जो मी तुमच्या जागी असतो तर घेतला असता. जॉइस-क्राउट म्हणतात की उत्तर कसंही असो, मिळालं की माणूस परत येतो. आज कुणीही म्हणेल, मग प्रत्येक नवख्याला भाषा-प्रारूपाकडून, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या यंत्राकडून, तत्काळ उत्तर द्या, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. त्या न्यूजग्रुपांमध्ये उत्तर आलं याचा अर्थ कुणातरी माणसाने आपला वेळ दिला असा होता. उत्तराच्या दर्जाने फरक पडला नाही याचं कारण कदाचित हेच असावं की लोक उत्तरातल्या माहितीपेक्षा ती दखल शोधत होते. यंत्राच्या उत्तरात ती दखल असते का, हे प्रयोगानेच ठरेल.

तीन गट करा. उत्तराविना बारा तास पडलेले पहिले संदेश यदृच्छेने तीन वाटांनी पाठवा: एका गटात काहीच करायचं नाही, दुसऱ्यात ‘हे यंत्राचं उत्तर आहे’ असं स्पष्ट लिहून यंत्राचं उत्तर द्यायचं, तिसऱ्यात त्या विषयावर पूर्वी लिहिलेल्या एका जुन्या सदस्याला निरोप धाडायचा की इथे एक नवीन माणूस थांबला आहे. सगळं तांत्रिक काम तिसऱ्या गटात आहे. कुणाला निवडायचं, एकाच सदस्यावर किती भार टाकायचा, रात्री धाडायचा की सकाळी, आणि त्याने दुर्लक्ष केलं तर दुसरा किती वेळाने शोधायचा. हा जुळणीचा आणि रांगेचा प्रश्न आहे, तुमच्या मार्गदर्शकांना तो ओळखीचा वाटेल. मोजायचं ते दोन्ही बाजूंनी: नवखा तीस दिवसांत परत आला का, आणि जुने सदस्य आपणहून देत होते ती उत्तरं यंत्र आल्यावर कमी झाली का. दुसरी मोजणी बहुतेक जण करत नाहीत. समुदाय यंत्रामुळे सुधारला की आतून रिकामा झाला, हे तिच्यातूनच कळेल.

या आठवड्यात कोड लिहू नका. ज्या समुदायात तुम्ही स्वतः वाचनमात्र आहात तिथले दोनशे पहिले संदेश हाताने वाचा, आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: पहिलं उत्तर किती वेळाने आलं, आणि ते देणारा माणूस तिथे किती जुना आहे. तो तक्ता घेऊन मार्गदर्शकांना पुन्हा भेटा.